दप्तरातला आशिया



भूगोलाच्या पुस्तकात आशिया खंडाचा नकाशा तुम्ही पाहिला आहे. हे जगातले सर्वांत मोठे खंड आहे. जगातली निम्म्याहून अधिक माणसे याच खंडात राहतात. त्यातले पर्वत, नद्या आणि राजधान्या तुम्हांला पाठ असतील. पण कोणी आपल्याला "तू कुठला?" असे विचारले, तर आपण वरूडचा, वऱ्हाडचा, महाराष्ट्राचा, भारताचा असे सांगतो आणि तिथेच थांबतो. आशियाचे नाव कोणी घेत नाही.

आमच्या शाळेत आठवी-नववीच्या मुलामुलींसाठी आठ तासिकांचा एक छोटा अभ्यासक्रम घेतला जातो. त्याचे नाव 'आशियाची संस्कृती आणि आपण'. या पाठात त्या तासिकांची हकिकत सांगणार आहे. तुमच्या गावीही हे सहज करता येईल. त्याला पैसा लागत नाही. एक वही, एक शब्दकोश आणि घरातली वडीलधारी माणसे एवढे पुरे.

पहिल्या तासाला "आशियाची संस्कृती दाखवणारी एखादी वस्तू किंवा चित्र आणा" असे सांगितले, की मुले काय आणतात ते ठरलेले असते. चिनी ड्रॅगनचे चित्र येते, जपानी पंखा येतो आणि वाळवंटातला उंट तर हमखास येतो. भिंतीवर चित्रे लावली, की प्रदर्शन झाले. मला स्वतःला अशी प्रदर्शने फारशी आवडत नाहीत. पाहुणे येतात, फोटो काढतात आणि चित्रे पुन्हा कपाटात जातात. मागे एका मुलीने मात्र चित्रांसमोर उभे राहून नेमका प्रश्न विचारला, "सर, ही तर सगळी दुसऱ्यांची संस्कृती आहे. यात आपण कुठे आहोत?"

तेव्हापासून दुसऱ्या तासाची सुरुवात एकाच वाक्याने होते : "दप्तर उघडा."

आधी 'दप्तर' हाच शब्द घ्या. उर्दूत 'दफ़्तर' म्हणजे कचेरी. तुमचे अब्बा दफ्तरात जातात आणि तुम्ही दप्तर घेऊन शाळेत जाता. शब्द एकच आहे. तो मुळात ग्रीक भाषेतला. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ कातडे असा होता, कारण त्या काळी कातड्यावर लिहीत. इराणात तो हिशेबाच्या वहीसाठी आला, तिथून अरबीत गेला आणि पुढे हिंदुस्थानात आला. पुण्याला पेशव्यांच्या राज्यकारभाराची जुनी कागदपत्रे आहेत, त्यांना 'पेशवे दप्तर' म्हणतात. ती कागदपत्रे कापडात बांधून ठेवत, आणि त्या गठ्ठ्याला 'रुमाल' हे नाव आहे. कागदांच्या गठ्ठ्याला दप्तर म्हणता म्हणता वह्या-पुस्तकांच्या पिशवीलाही मराठीने दप्तर म्हटले.

आता आत काय आहे ते पाहा. कागद चीनमध्ये तयार झाला. त्साय लुन नावाच्या अधिकाऱ्याने इ. स. 105 च्या सुमारास कागद बनवण्याची सुधारलेली रीत बादशहापुढे मांडली, असे चिनी इतिहास सांगतो. ती विद्या समरकंदला गेली, बगदादला गेली आणि मग आपल्याकडे आली. दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचे गाव आहे. तिथे हाताने कागद बनवण्याचा धंदा शेकडो वर्षे चालत आला. गावाचे नावच कागदावरून पडले आहे. शाई हा शब्द फारसी 'सियाही'वरून आला, आणि सियाही म्हणजे काळेपणा. म्हणजे आपण 'लाल शाई' म्हणतो तेव्हा खरे तर 'लाल काळेपणा' म्हणत असतो! मुले यावर खूप हसतात. हसू द्यावे. हसल्यावर शब्द लक्षात राहतो.

यानंतर आम्ही फळ्यावर दोन रकाने करतो. एकावर लिहितो 'आपले शब्द' आणि दुसऱ्यावर 'त्यांचे शब्द'. मुलांनी मराठी पुस्तकातले शब्द शोधायचे आणि योग्य रकान्यात घालायचे. दुकान, बाजार, वकील, जिल्हा, तालुका, खुर्ची, हिशेब, तारीख... पाच मिनिटांत भांडण सुरू होते. हे आपले की त्यांचे? उर्दूत आहेत म्हणून आपले, की मराठीच्या पुस्तकात आहेत म्हणून त्यांचे? एकदा एका मुलाने उठून मधली रेघच पुसून टाकली. मी त्याला रागावलो नाही.

पण इथे एक सावधगिरी सांगायला हवी, कारण परीक्षेत अनेकांचे गुण इथेच जातात. शब्द एक असला तरी त्याचा अर्थ दोन्ही भाषांत एकच असेल असे नाही. उर्दूत 'तारीख़' म्हणजे दिनांकही आणि इतिहासही. मराठीत तारीख म्हणजे फक्त दिनांक. उर्दूत 'मज़कूर' म्हणजे ज्याचा उल्लेख झाला आहे तो, तर मराठीत मजकूर म्हणजे लिहिलेला भाग. 'हक़ीक़त' म्हणजे सत्य. मराठीत हकिकत म्हणजे घडलेल्या गोष्टीचे वर्णन. मी सुरुवातीला हा शब्द वापरला, तेव्हा तुम्ही कोणता अर्थ घेतला होता? सर्वांत फसवा शब्द 'शिकस्त'. उर्दूत शिकस्त म्हणजे पराभव. मराठीत 'त्याने प्रयत्नांची शिकस्त केली' म्हणजे त्याने जिवापाड प्रयत्न केले. 'आमच्या संघाची शिकस्त झाली' असे मराठीत लिहिले, तर वाचणाऱ्याला काहीच कळणार नाही.

काही शब्द तर मराठीने आपल्या घरी घडवले. दीवान-ए-आम आणि दीवान-ए-ख़ास तुम्हांला इतिहासातून माहीत आहेत. त्याच आम आणि खास या शब्दांना 'दार' जोडून मराठीने 'आमदार' आणि 'खासदार' केले. दिल्ली-लखनौच्या उर्दूत हे शब्द या अर्थाने चालत नाहीत. वरूडचा उर्दू बोलणारा माणूस मात्र "आमदार साहब आए थे" असे बिनदिक्कत म्हणतो.

इथे कोणीतरी विचारतेच, की शिवाजी महाराजांनी फारसी शब्द काढून टाकायला सांगितले होते ना? होय. महाराजांच्या आज्ञेने राज्यकारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा 'राजव्यवहारकोश' तयार झाला. आपल्या राज्याचा कारभार आपल्या लोकांना समजेल अशा भाषेत असावा, ही त्यामागची दृष्टी होती. ती समजून घेतली पाहिजे. त्याचबरोबर दुसरी गोष्टही माहीत हवी. 1925 साली एका मराठी कवीने 'फारसी-मराठी कोश' प्रसिद्ध केला. हे कवी म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, अर्थात माधव जूलियन. ते फारसीचे प्राध्यापक होते आणि मराठीत गझल रुजवण्याचे काम त्यांनी केले. या दोन्ही गोष्टी मराठीच्याच इतिहासातल्या आहेत. एक सांगून दुसरी लपवणे मला पटत नाही.

चौथ्या तासाची मुले वाट पाहत असतात. त्या दिवशी मी फळ्यावर फक्त एवढेच लिहितो : 'सीत खमसैन मया व अलफ'. हा काय प्रकार आहे? मराठेशाहीतल्या मोडी पत्रांवर वर्ष अशा रीतीने लिहिलेले असते. मराठी शाळेतल्या मुलाला ते एखाद्या मंत्रासारखे वाटेल. पण ज्यांनी अरबी अंक शिकले आहेत, ते थोडा विचार करतात आणि एकदम हात वर होतात. सीत म्हणजे सित्ता, सहा. खमसैन म्हणजे पन्नास. मया म्हणजे शंभर आणि अलफ म्हणजे हजार. बेरीज करा : 1156. या कालगणनेला 'शुहूर सन' म्हणतात. त्यात 599 किंवा 600 मिळवले, की इसवी सन मिळतो. म्हणजे हे पत्र 1755-56 सालचे, नानासाहेब पेशव्यांच्या काळातले.

599 की 600, हे कशावरून ठरवायचे? इथेच गंमत आहे. हे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही आणि मोहरममध्येही सुरू होत नाही. सूर्य मृग नक्षत्रात गेला की नवे वर्ष लागते. म्हणून याला 'मृगसाल' असेही म्हणतात. चंद्राच्या वर्षावर शेतसारा घेता येत नव्हता, कारण चंद्राचे वर्ष सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. काही वर्षांत महिने आणि हंगाम यांची फारकत होते. मग पीक उभे असताना सारा कसा मागणार? म्हणून दख्खनमध्ये अरबी आकडे ठेवले, पण वर्ष बांधले मृगाच्या पावसाशी. अरबी मोजणी, मराठी पत्र, मोडी लिपी आणि वऱ्हाडच्या शेतकऱ्याला कळणारा पाऊस! दोन मोठ्या ग्रंथांत न सापडणारी गोष्ट त्या एका ओळीत सापडते.

मृगाचे नाव निघाले, की वरूडची मुले संत्र्यावर येणारच. आपल्याकडे संत्र्याचे दोन बहार धरतात, आंबिया आणि मृग. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरचे लोक बागेत तोडणीला जातात, माल भरतात किंवा गाडीवर असतात. वरूड, मोर्शी, शेंदुरजना घाट हा सगळा पट्टा संत्र्यावर जगतो. शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकांत जंबेरीच्या रोपावर संत्र्याचा डोळा बांधतात. मुळे जंबेरीची आणि फळ संत्र्याचे. याला 'कलम' म्हणतात. उर्दूत क़लम म्हणजे लेखणी, आणि झाडाची क़लमही असते. मराठीत कलम झाडाचे असते आणि कायद्याचेही असते.

हे फळ मुळात कुठले? संत्र्याच्या जातीची झाडे दक्षिण चीनच्या डोंगराळ भागातून पसरली, असे शास्त्रज्ञ सांगतात. नागपूरकडे संत्र्याची लागवड अठराव्या शतकात भोसल्यांच्या राजवटीत सुरू झाली, अशी माहिती सर्वत्र दिली जाते. फळापेक्षा त्याच्या नावाचा प्रवास अधिक रंगतदार आहे. संस्कृतात 'नारंग', त्याचेही मूळ बहुधा दक्षिणेतल्या द्राविडी भाषांत. फारसीत 'नारंग', अरबीत 'नारंज', अरबांबरोबर स्पेनमध्ये गेल्यावर 'नारांखा' आणि पुढे इंग्रजीत 'ऑरेंज'. आपण उर्दूत नारंगी म्हणतो आणि मराठीत त्या रंगाला नारिंगी म्हणतो. मोसंबीचे नाव मात्र आफ्रिकेतल्या मोझांबिकवरून पडले असे मानतात, तेव्हा ती आपल्या पाठात बसत नाही.

हा सगळा जुना इतिहास झाला असे कोणी समजू नये. आपल्या भागातला संत्रा बांगलादेशात मोठ्या प्रमाणावर जात आला आहे. अलीकडच्या वर्षांत तिथल्या सरकारने आयात शुल्क बरेच वाढवले, तेव्हा वरूडच्या बाजारात भाव पडले. ढाक्यात बसलेल्या माणसाने कागदावर एक आकडा बदलला आणि शेंदुरजना घाटच्या मजुराची रोजी कमी झाली. आशिया नकाशात आहे, तसा तो आपल्या घरखर्चातही आहे.

सहावा तास माणसांचा. यात मी फार बोलत नाही. दोनच गोष्टी सांगतो.

आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या यावली गावी जन्मलेले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज तुम्हांला ठाऊक आहेत. मोझरीला त्यांचा गुरुकुंज आश्रम आहे. 1955 साली ते जपानला गेले. तिथे जागतिक धर्म आणि शांती यांसाठी भरलेल्या परिषदेत त्यांनी भाग घेतला. हिरोशिमावर अणुबाँब पडून तेव्हा दहाच वर्षे झाली होती. खंजिरीवर भजन म्हणणारा वऱ्हाडचा एक माणूस त्या देशात शांतीबद्दल बोलायला गेला होता, हे डोळ्यांसमोर आणून पाहा.

दुसरी गोष्ट डॉक्टरांची. 1938 साली जपानने चीनवर आक्रमण केले असताना आपल्या देशातून पाच डॉक्टर चीनला गेले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत, चिनी भाषा शिकत ते तिथलेच झाले. गुओ छिंगलान या परिचारिकेशी त्यांचे लग्न झाले. मुलाचे नाव त्यांनी 'यिनहुआ' ठेवले. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, कोटणीस वारले. त्यांच्यावर पुस्तक लिहिले ते पानिपतच्या ख्वाजा अहमद अब्बास या उर्दू लेखकाने, आणि 1946 साली त्यावर चित्रपट काढला व्ही. शांताराम या मराठी दिग्दर्शकाने. मुलाच्या नावात दोन देश घालणाऱ्या त्या बापाला "तू मूळचा कुठला?" असे विचारले असते, तर त्याने काय सांगितले असते, यावर मुले पाऊण तास बोलतात.

कारण हा प्रश्न त्यांनाही विचारला जातो. रेल्वेत, वसतिगृहात, कधी स्पर्धेच्या ठिकाणी. नाव ऐकले की समोरचा म्हणतो, "मराठी छान बोलता हो! मूळचे कुठले?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट असते असे नाही. तरीही पोरे घरी येऊन गप्प बसतात. मग कोणी सांगतो, आमचे पूर्वज अरबस्तानातून आले. कोणी म्हणतो, इराणातून. सातव्या तासाला मी एवढेच म्हणतो, की असेल तसे, पण शोधू या. आजोबांच्या आजोबांचे गाव कोणते, ते घरी विचारून या.

उत्तरे येतात ती अशी : अचलपूर, मोर्शी, कारंजा, मुलताई. काहींच्या घरी उत्तरेकडून आलेल्या विणकरांच्या आठवणी निघतात. बहुतेकांचे धागे तीन-चार पिढ्यांनंतर वऱ्हाडातच कुठेतरी संपतात. एका मुलाला याचे वाईट वाटले. त्याला मी फत्हुल्लाह इमादुल्मुल्क याची गोष्ट सांगितली. वऱ्हाडच्या इमादशाहीचा हा संस्थापक 1490 साली स्वतंत्र झाला. एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, ही त्याची राजधानी. इतिहासकार फिरिश्ता लिहितो, की हा विजयनगरच्या एका कानडी ब्राह्मणाचा मुलगा. लहानपणी लढाईत पकडला गेला आणि बहमनी राज्यात वाढला. आणि हे लिहिणारा फिरिश्ता स्वतः कास्पियन समुद्राकाठच्या अस्तराबादचा! ज्याला आपण बाहेरचा समजत होतो तो जवळचा निघाला, आणि त्याचा इतिहास लिहिणारा दुरून आलेला.

घरच्या बोलीकडेही याच तासाला पाहतो. पुस्तकी मराठीत आपण 'तू काय करत आहेस?' असे लिहितो. वरूडच्या चौकात मात्र 'तू काय करून राहिला?' असेच ऐकू येते. हे पुणेकराला विचित्र वाटेल. पण आपण घरी 'तू क्या कर रहा?' म्हणतो, तेव्हा वाक्याची बांधणी तीच असते. करून राहिला, कर रहा. शेजारी राहणाऱ्या दोन भाषांनी एकमेकींचे ऐकलेले आहे. परीक्षेत अर्थातच पुस्तकी रूप लिहावे.

आठव्या तासाला प्रत्येकाने स्वतःचा परिचय लिहायचा असतो. दहा ओळी उर्दूत आणि दहा ओळी मराठीत. अट एकच, की एक दुसऱ्याचे भाषांतर नसावे. उर्दूत जे लिहिले ते मराठीत पुन्हा लिहायचे नाही. मराठीतच सांगावेसे वाटेल असे काही शोधायचे. अवघड काम आहे. काहींची मराठीची पाने अर्धी कोरी राहतात, तर काहींची उर्दूची. अशा मुलांना कमी गुण द्यायचे नाहीत असे आम्ही ठरवले आहे. उरलेले पान ती पुढच्या महिन्यात भरतात.

मूळ गावाच्या शोधासाठी जुनी कागदपत्रेही उपयोगी पडतात. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर आहे. त्यात आजोबांचे नाव, जन्मतारीख आणि गाव सापडू शकते. गावोगावी कोतवालाने ठेवलेली जन्म-मृत्यूची नोंद, म्हणजे कोतवाल पंजी, तहसील कार्यालयात असते. गेल्या वर्गातल्या एका मुलीने पणजोबांच्या नोंदीची नक्कल मिळावी म्हणून अर्ज केला आहे. अर्ज तिने स्वतः मराठीत लिहिला, आणि 'नक्कल' या शब्दावर आजीला हसू आले, कारण आजीच्या लेखी नक्कल म्हणजे वाकुल्या दाखवणे. अर्जाची पोच मिळाली आहे. नोंद अजून सापडायची आहे.